चिमाजी ड्रायव्हरचा डायनॅमो

चिंचवड,
ता. १५ जानेवारी १९५७

चि. कुसुम हिस ज्योतीरामचे आशीर्वाद. वि. वि.

माझं अक्षर पाहून पत्र चुलीत घालू नकोस, आधी वाच. बाबांच्या तेराव्यानंतर आपण एकमेकांना एक ओळ लिहिलेली नाही. त्याला तेरा वर्षं झाली. मी जुनं उकरायला लिहीत नाही. काम आहे म्हणून लिहितो.

नानासाहेबांची फोर्ड तुला आठवत असेलच. बाबांनी ती नऊ वर्षं चालवली, पुढं मीही नऊ वर्षं. मी नोकरी सोडल्यापासून ती चिंचवडच्या बंगल्यामागं गोठ्यात कडब्याखाली पडून होती. दिवाळीनंतर ती एका अमेरिकन साहेबानं विकत घेतली. हॉलोवे त्याचं नाव. पिंपरीच्या नव्या कारखान्यात यंत्रं बसवायला आला आहे, मे अखेर परत जाणार. जाताना गाडी बोटीनं घरी न्यायची म्हणतो. मला वाटलं, चालती करून मागतोय. तसं नाही. त्याला ती कंपनीच्या दारातून पहिल्या दिवशी जशी निघाली तशी हवी. एक बोल्टसुद्धा नंतरचा चालत नाही. दिव्यांना मी चकाचक क्रोमियम चढवून आणलं तर म्हणाला, उतरवा, १९२८ साली निकेल होतं. स्टिअरिंगच्या चाकाचा काळा रंग खरवडला तर खाली तांबडं निघालं, तेव्हा लहान पोरासारखा नाचला. हे काम त्याच्या मनासारखं झालं तर कारखान्याच्या गाडीखात्यात फोरमन म्हणून माझं नाव देणार आहे.

बाबांच्या पत्र्याच्या पेटीत गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक आणि मागाहून आलेली सुट्या भागांची यादी होती. तुझ्या काही उपयोगाची नाही. चाकणहून येणाऱ्या कोणाही माणसाबरोबर पाठवून दे. लवकर पाठव.

संक्रांत झाली, तिळगुळाचं मी काही लिहीत नाही. तू कशी वाचशील ते ठाऊक आहे.

ज्योतीराम

---

निघोजे,
ता. २१ जानेवारी १९५७

रा. रा. ज्योतीराम चिमाजी येळवंडे यांस कुसुम चिमाजी येळवंडे, शिक्षिका, जीवन शिक्षण मंदिर, निघोजे, हिचा नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. चुलीत घातलं नाही, कारण आमच्याकडे सरपण पुरेसं आहे.

आपण लिहिता, बाबांनी नऊ वर्षं चालवली, पुढं मी नऊ वर्षं. या दोन वाक्यांच्या मध्ये जो स्वल्पविराम आहे तो फार गुळगुळीत आहे. चौथीच्या मुलांना मी अशा ठिकाणी थांबायला शिकवते. तिथं काय झालं ते आपण विसरला असाल तर मी लिहिते. १९३७ सालच्या उन्हाळ्यात पुण्याच्या कोणा गॅरेजवाल्यानं नानासाहेबांच्या कानात सांगितलं की, तुमच्या गाडीचा डायनॅमो कंपनीचा नाही, तुमच्या ड्रायव्हरनं अस्सल विकून भंगारातला बसवला. नानासाहेबांनी आपल्या गावच्या चावडीवर माणसं गोळा केली. बाबा म्हणाले, गाडी आली तेव्हापासून हाच आहे. मग नानासाहेबांनी आपल्याला उभं केलं. आपण बावीस वर्षांचे, पुण्याच्या वर्कशॉपात दोन वर्षं काम शिकलेले. आपण सगळ्या गावासमोर म्हणालात की, असा ढोलक्या डायनॅमो मी कुठल्याच फोर्डवर पाहिला नाही, हा कंपनीचा नव्हे.

बाबांना त्याच दिवशी काढलं. पंधरा दिवसांत त्यांच्या जागेवर आपण बसलात. गावात बाबांचं नाव डायनॅमोचोर पडलं. माझं ठरलेलं लग्न मोडलं. बाबा मोशीच्या खाणीवर दगड फोडायला जाऊ लागले आणि सात वर्षांत संपले. एवढं त्या स्वल्पविरामात आहे.

पुस्तक मिळणार नाही. ते माझ्या उपयोगाचं नाही हे आपण कशावरून ठरवलंत? आपल्याला हवं ते मी उघडून पाहिलं आहे. इंग्रजी मला बेताचंच येतं, पण चित्रं समजतात, आकडे समजतात. यादीत कित्येक भागांपुढं लिहिलं आहे की, अमक्या वर्षापर्यंत हा, नंतर तो. तेव्हा आपल्या त्या गाडीच्या इंजिनावर नंबर कोणता आहे तेवढा कळवा. बाकी काही कळवू नये.

आपला लोभ आम्ही एकदा पाहिला आहे. पुन्हा नको.

कुसुम

---

चिंचवड,
ता. ३० जानेवारी १९५७

कुसुम हिस आशीर्वाद. वि. वि.

लोभाचं तुझं ते वाक्य वाचून पत्र फाडूनच टाकणार होतो. मला तुम्ही-आपण म्हणून टोचू नकोस. मास्तरीण झालीस म्हणून मला शुद्धलेखन शिकवायला लागलीस?

मी चावडीवर खोटं बोललो नाही. मला जे ठाऊक होतं ते बोललो. वर्कशॉपात माझ्या हाताखालून बारा-पंधरा फोर्ड गेल्या होत्या. सगळ्यांचा डायनॅमो लांबट, नळकांड्यासारखा. बाबांच्या गाडीवर आखूड नि रुंद, ढोलकीसारखा. मला विचारलं, मी सांगितलं. बापासाठी खोटं बोलायला हवं होतं असं तुला म्हणायचं असेल तर तसं सरळ लिही.

नंबर पाहिजे ना, घे. इंजिनाच्या डाव्या अंगाला, पाणी शिरतं त्याच्यावर ठोकलेला आहे. आधी सी आणि ए ही अक्षरं, मग आकडे, एकोणीस हजारांतला आहे. साहेब म्हणतो, सी म्हणजे कॅनडा. उजव्या बाजूनं चालवायच्या गाड्या तिथल्या कारखान्यात बनून इकडे येत. नंबरावरून गाडी १९२८ च्या पहिल्या सहामाहीतली दिसते.

आणि एक ऐक. परवा साहेबानं बॉनेट उघडून सगळं तपासलं आणि डायनॅमोवर बोट ठेवलं. म्हणाला, हा या गाडीचा नव्हे. वीस वर्षांनी अमेरिकेहून आलेला माणूससुद्धा तेच म्हणतो. आता बोल.

यादीतलं डायनॅमोचं पान लिहून पाठव. जसंच्या तसं, अक्षरास अक्षर.

ज्योतीराम

---

निघोजे,
ता. ७ फेब्रुवारी १९५७

रा. रा. ज्योतीराम यांस नमस्कार. वि. वि.

पान लिहून पाठवत नाही. त्यात काय आहे ते सांगते, कारण ते सांगण्याची मला घाई झाली आहे.

यादीत डायनॅमो दोन आहेत. दोन नंबर, दोन चित्रं. एक लांबट. त्याच्यापुढं १९२९ लिहिलं आहे. दुसरा आखूड, रुंद, अगदी आपण म्हणता तसा ढोलकीसारखा. त्याच्यापुढं १९२८. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात तर दुसरा नाहीच, एकच चित्र आहे, ढोलक्याचं. मला माझ्या इंग्रजीचा भरवसा वाटेना म्हणून चाकणच्या हायस्कुलातल्या मास्तरांकडून वाचून घेतलं. ते म्हणाले, यात शंका घ्यायला जागाच नाही. कंपनीनं आधी हा बसवला, वर्ष सरता सरता बदलला.

म्हणजे बाबांच्या गाडीवर कंपनीचाच होता. आपल्या हाताखालून गेलेल्या बारा-पंधरा गाड्या नंतरच्या होत्या. आपल्याला अर्धं ठाऊक होतं आणि आपण ते पुरं म्हणून सांगितलंत.

आता माझा प्रश्न. उत्तर टाळू नये. बाबांना काढलं तेव्हा गाडीवर ढोलक्या होता, हे आपणच चावडीवर सांगितलंत. मग आज आपल्या साहेबानं बोट कशावर ठेवलं? ढोलक्यावर ठेवलं असेल तर साहेब चुकतो आहे. लांबट्यावर ठेवलं असेल तर तो बरोबर आहे. आणि लांबटा तिथं कोणी बसवला?

उत्तर येईपर्यंत क्षेम विचारत नाही.

कुसुम

---

चिंचवड,
ता. १८ फेब्रुवारी १९५७

कुसुम,

मीच बसवला. १९३८ च्या पावसाळ्यात. नानासाहेब म्हणाले, चोरीचा माल माझ्या गाडीवर नको, अस्सल आणून बसव. मी पुण्याच्या जुन्या बाजारात आठ दिवस हिंडून लांबटा शोधला. त्याला बसवायचं ब्रॅकेट बदलावं लागलं, पट्टा बदलावा लागला. तेव्हाच मला कळायला हवं होतं की, गाडी त्याच्यासाठी बनलेलीच नाही. नाही कळलं. उलट मला वाटलं, बाबांनी केलेलं पाप मी धुतलं. ढोलक्या मी चिंचवडच्या लोहाराकडे भंगारात फेकून आलो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी साहेबाच्याही घरून पत्र आलं. त्यानं तिकडच्या कोणा जुन्या गाड्यांच्या मंडळाला नंबर कळवून विचारलं होतं. उत्तर तुझंच. आखूड हवा, लांबट नको. तो मला विचारतो, मूळचा कुठं गेला? मी सांगितलं, जुना ड्रायव्हर चोर होता. तो ड्रायव्हर माझा बाप हे सांगितलं नाही. तो फेकणारा हात माझा हेही सांगितलं नाही.

समाधान झालं? एवढं वाचून नाचली असशील. पण माझंही ऐकून घे. मी बावीस वर्षांचा होतो. सगळं गाव तोंडाकडे बघत होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला जाणकार म्हणून विचारत होतं. तू त्या जागी नव्हतीस. तू घरी बसून वीस वर्षं माझ्या नावानं दात खात राहिलीस, तुला तेवढाच धंदा होता.

आता काम. तसला डायनॅमो मिळत नाही. देहूरोडच्या डेपोच्या लिलावात पाहिला, पिंपरी कॅम्पातल्या सिंधी भंगारवाल्यांच्या सगळ्या राशी उपसल्या, मुंबईला कुर्ल्यापर्यंत जाऊन आलो. कोणी पाहिलेलासुद्धा नाही. साहेब म्हणतो, तो नसेल तर बाकी सगळ्या कामाला अर्थ नाही. बाबांच्या जुन्या ओळखीत कोणाकडे १९२८ ची गाडी होती का, तेवढं आठवून कळव.

ज्योतीराम

---

निघोजे,
ता. २५ फेब्रुवारी १९५७

रा. रा. ज्योतीराम यांस नमस्कार. वि. वि.

नाचले नाही. वर्गावर गेले, मुलांना गुणाकार दिले आणि खुर्चीत बसून राहिले. गुणाकार तपासायचे राहिले.

आपला ढोलक्या माझ्याकडे आहे.

आपण तो फेकलात त्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा खाण बुडवून चिंचवडला चालत गेले. लोहाराकडून पोत्यात घालून तो डोक्यावरून घरी आणला. इतका जड की, मान तीन दिवस वळेना. मी विचारलं, चोरीचा आळ ज्याच्यावरून आला तेच घरात कशाला? तर म्हणाले, कंपनीची वस्तू आहे, भट्टीत जाऊ नये. मग खोलून पुसला, ग्रीस भरला, मेणकापडात बांधून फडताळाखाली ठेवला. दर दसऱ्याला उघडून पुन्हा पुसायचे. ते गेल्यावर मी पुसते. मला त्यातलं काही कळत नाही, पण तो गंजलेला नाही.

आपल्याला हेही ठाऊक नसेल की, चावडीवर गेले तेव्हा पुस्तक त्यांच्या काखेत होतं. चित्राच्या पानावर बाभळीचा काटा खुणेला घातला होता. नानासाहेबांनी ते उघडू दिलं नाही. ड्रायव्हरनं मला इंग्रजी शिकवू नये असं म्हणाले आणि लोक हसले. पुढं मी कितीदा म्हटलं की, पुण्याला जाऊ, कोणातरी वकिलाला पान दाखवू. बाबा नुसते राहू दे म्हणत. त्यांच्या त्या राहू दे चा मला आपल्याइतकाच राग आहे.

ढोलक्या मी देते. पण चाकणहून येणाऱ्या कोणा माणसाबरोबर नाही. चैत्रात जत्रा आहे. दुसऱ्या दिवशी चावडीपुढच्या मैदानात कुस्त्या होतात, पंचक्रोशी जमते. तिथं उभं राहून बोला. चिमाजी ड्रायव्हर चोर नव्हता, डायनॅमो कंपनीचा होता, मी चुकीचं सांगितलं आणि त्यांची जागा घेतली. चार वाक्यं आहेत. ती बोला आणि घेऊन जा.

एरवी तो फडताळाखालीच बरा आहे.

कुसुम

---

चिंचवड,
ता. ४ मार्च १९५७

कुसुम,

जमणार नाही. मी कागदावर लिहून देतो, सही करतो, पाहिजे तर अंगठाही उठवतो. गावासमोर तमाशा करणार नाही. मेलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? तुला बाबांची अब्रू नको आहे, तुला मला खाली बघायला लावायचं आहे. माझ्या घरात बायको आहे, गल्लीत मला चार लोक मिस्त्री म्हणून मानतात.

वस्तूवर तुझा हक्क आहे असंही समजू नकोस. गाडीची वस्तू, गाडीच्या मालकाची. साहेबाला सांगून पोलीस पाठवीन.

ज्योतीराम

---

निघोजे,
ता. ९ मार्च १९५७

रा. रा. ज्योतीराम यांस,

जरूर पाठवा. म्हणजे येळवंड्यांच्या घरात डायनॅमो सापडला असा पंचनामा होईल आणि वीस वर्षांपूर्वीची आपली साक्ष खरी ठरेल. तेवढंच राहिलं होतं.

कुसुम

---

चिंचवड,
ता. २८ मार्च १९५७

वन्संना सगुणाचा वाकून नमस्कार.

मी तुमची भावजय. लग्नात तुमी आला न्हाईत, म्हनून तोंडओळख न्हाई. मला लिवता येतं ते प्रौढ वर्गात शिकले, तवा चुकलं तर हसू नका. ह्यांना ठाव न्हाई मी लिवतेय ते.

तुमची सगळी पत्रं ह्यांनी हत्याराच्या पेटीत ठिवली हायेत. मी ती वाचली. तुमची जीभ लई तिखट हाय. पन मला तुमचा राग आला न्हाई.

सांगायचं ते असं. गेल्या आइतवारी हे नानासाहेबांकडं गेले. म्हातारं आता खाटंवरच असतं. ह्यांनी चित्राची गोष्ट सांगितली आन म्हनले, तुमी दोन ओळी लिवून द्या की चिमाजी निर्दोष हुता. तर नानासाहेब म्हनले, मी कशाला देऊ? मी कुठं काढला तुझ्या बापाला? तू बोललास म्हनून काढला. पोटचा पोरगा सांगतो म्हनल्यावर मी कुनाचं ऐकनार हुतो?

मग म्हातारं हसलं म्हनं. म्हनलं, तुला तुझी नोकरी कशी मिळाली ठाव हाय का? मी तर तुमा दोघांनाबी दारात उभं करनार न्हवतो. तुझा बाप दुसऱ्या दिवशी बंगल्यावर आला. त्याच्या हातात ते पुस्तक हुतं, मला वाटलं भांडनार. तर त्यानं पुस्तक खाली ठिवलं आन म्हनला, मालक, माझं जाऊ द्या, मी काय बोलत न्हाई. पोराला ठिवा. पोराच्या हाताला गुन हाय. आन माझ्यामुळं त्याला कुठं खोटा पाडू नका.

हे घरी आले ते तसंच वट्यावर बसून ऱ्हायले. मी जेवाय वाढलं तर ताटाकडं बघितलं न्हाई. मी इचारलं तवा एवढं सांगितलं. आज चार दिस झाले. गाडीवर कामाला जात्यात, येत्यात, बोलत न्हाईत.

वन्सं, तुमाला हे ठाव असलं पायजे असं मला वाटलं. तुमी त्यांना बलवू नका आसं मी म्हनत न्हाई. बलवाच. पन तुमाला ठाव पायजे.

जीव लावा आसं लिवनार न्हाई, पन वाईट वाटून घेऊ नका.

सगुणा

---

निघोजे,
ता. २ एप्रिल १९५७

सौ. सगुणावहिनी हिस कुसुमचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. अक्षर चांगलं आहे. मी हसले नाही.

हे मला ठाऊक नव्हतं. वीस वर्षं मी समजत होते की, तुझ्या नवऱ्यानं बाबांची जागा हिसकावली. बाबांनीच ती त्याला मागून दिली, तेही माझ्यापासून लपवून. माझं लग्न मोडलं तेव्हा त्यांनी एकदा पुस्तक घेऊन त्या घरी जायला काय हरकत होती? गेले नाहीत. का गेले नाहीत ते आता कळलं. चित्र उघडलं असतं तर मुलगा खोटा पडला असता. मुलाच्या हाताला गुण होता. मुलीचं काय होतं ते त्यांनी पाहिलं नाही.

मी कोणावर रागवावं ते मला आज सांगता येत नाही. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून जिवंत माणसाशीच भांडण चालू ठेवते. जत्रा चौदा-पंधरा तारखेला आहे. अट तीच आहे.

तुझी,
कुसुम

---

निघोजे,
ता. १७ एप्रिल १९५७

रा. रा. ज्योतीराम यांस नमस्कार. वि. वि.

आलात, बोललात. ते मी नाकारत नाही.

कुस्त्या थांबवून कर्णा हातात घेतलात तेव्हा मला वाटलं, चार वाक्यं पुटपुटून उतराल. आपण चार बोलला नाहीत, पंधरा मिनिटं बोललात. डायनॅमो म्हणजे काय इथपासून सुरुवात केलीत. मागची पोरं ओरडत होती, कुस्ती लावा. भोसरीचे पहिलवान अंगाला माती लावून ताटकळले होते. म्हातारे गेनू पाटील, जे तेव्हा चावडीवर पंच होते, ते म्हणाले, आता कशापायी उकरतो राव, झालं गेलं. तर आपण त्यांना म्हणालात की, तुमी तवा हसला हुता, आता ऐका. नानासाहेबांकडे बाबा काय बोलले तेही सांगितलंत. तेव्हा मात्र पोरं पुढं सरकून ऐकू लागली. आपली खेड्यातली बोली सुटलेली नाही हे मला तिथंच कळलं.

पण मग घरी आलात त्याचं काय? मी ढोलक्या ओसरीवर आणून ठेवला होता. मेणकापड सोडून ठेवलं होतं. मी म्हटलं, घ्या आपली मजुरी. आपण खाली बसलात, त्याचं झाकण काढलंत, बोटानं आतलं ग्रीस चाचपलंत, झाकण पुन्हा लावलंत, आणि पाणीसुद्धा न मागता चालते झालात. वस्तू तिथंच.

हा अपमान मला समजतो. मी केलेला सौदा आपण पुरा करायचा आणि माझी बाजू अपुरी ठेवून मला हलकं पाडायचं. कुसुम अट घालणारी, आणि आपण उदार. मी इतकी मूर्ख नाही. येऊन घेऊन जा. मला आपल्या उपकारात राहायचं नाही.

कुसुम

---

चिंचवड,
ता. २३ एप्रिल १९५७

कुसुम,

उपकार कसला? मला त्याचा उपयोग नव्हता.

नानासाहेबांकडून आल्यावर दहा-बारा दिवस मी साहेबाच्या गाडीवर काम केलं, पण बॉनेट उघडलं की हात चालेना. सहा तारखेला मी त्याला सगळं सांगितलं. चोर म्हटलेला ड्रायव्हर माझा बाप होता, तो चोर नव्हता, मूळचा भाग मी स्वतः काढून भंगारात फेकला. कारखान्यातला कारकून मध्ये बसून इंग्रजीत सांगत होता. साहेबानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की, भाग गेला त्याचं काही नाही, पण दोन महिने तू माझ्या तोंडावर खोटं बोललास, आता तू बसवलेला प्रत्येक बोल्ट मला पुन्हा तपासावा लागेल. दुसऱ्या दिवशी गाडी पुण्याच्या एका गॅरेजात गेली. फोरमनचंही गेलं. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

जत्रेला आलो तेव्हा हातात गाडीच नव्हती. मग डायनॅमो नेऊन काय करू? घरात ठेवायला बाबांची वस्तू मागायची माझी लायकी नाही. तुला हे आधी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, नोकरी गेली म्हणून रडायला आला. म्हणून गप्प राहिलो.

पाणी मागितलं नाही कारण तू दिलं नसतंस.

ग्रीस ताजं आहे. झाकणाचा एक स्क्रू तू उलटा बसवला होतास, तो सरळ केला. पुढच्या दसऱ्याला जास्त घट्ट आवळू नकोस.

ज्योतीराम

---

निघोजे,
ता. ३० एप्रिल १९५७

ज्योतीराम यांस,

पाणी दिलं नसतं हे खरं आहे.

शनिवारी अर्धी शाळा होती. मी ढोलक्या पोत्यात घातला, पुस्तक आणि यादी पिशवीत घातली आणि चाकणहून एस. टी. नं पिंपरीकडे निघाले. नाशिक फाट्यावर उतरल्यावर एका टांगेवाल्यानं पोतं उचलायला हात लावला आणि विचारलं, बाई, यात काय दगड आहेत? बाबांनी हे डोक्यावरून निघोज्यापर्यंत कसं आणलं असेल ते मला त्या दिवशी कळलं.

कारखान्याच्या फाटकावर आत सोडेनात. मी म्हटलं, साहेबाला सांगा, गाडीचा हरवलेला भाग आला आहे. पाच मिनिटांत तो स्वतः धावत आला. उंच आहे, आणि कान लाल होतात. फाटकाबाहेरच मातीत गुडघे टेकून त्यानं पोतं सोडलं. झाकणावरचे आकडे वाचले, यादीतले वाचले, मग कितीतरी वेळ डोक्यावरची टोपी काढून हातात धरून बसला. तुमच्या त्या कारकुनानं भाषांतर केलं. मी साहेबाला सांगितलं की, ही वस्तू चिमाजी येळवंडे नावाच्या ड्रायव्हरनं वाचवली आहे, आणि गाडीचा जो काही कागद अमेरिकेला जाईल त्यात हे नाव पाहिजे. त्यानं खिशातून वही काढून माझ्यासमोर नाव लिहिलं. मी स्पेलिंग तपासलं. एक अक्षर चुकलं होतं, दुरुस्त करून घेतलं.

मग त्यानं विचारलं, बाई, माझ्या पुण्याच्या गॅरेजवाल्यानं असला डायनॅमो जन्मात पाहिलेला नाही. हा बसवणार कोण?

तुम्ही खोटं बोललात म्हणून त्यानं तुम्हाला काढलं, हे मला ठाऊक आहे असं मी त्याला सांगितलं. त्यानं ते योग्यच केलं असंही सांगितलं. तुमच्याविषयी मी एकही चांगला शब्द बोलले नाही, तेव्हा माझे आभार मानायला येऊ नये. मी एवढंच म्हटलं की, हा त्या गाडीवरून उतरवणारा जगात एकच माणूस जिवंत आहे. ज्यानं काढला, त्यालाच बसवू द्या.

गाडी शुक्रवारी परत येते. सकाळी आठला तुम्ही फाटकावर हजर राहायचं, असं त्यानं सांगितलं आहे. फोरमनचं तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

सगुणावहिनीला म्हणावं, मे महिन्यात मला सुट्टी आहे, तिला चार दिवस इकडे पाठवा. तिला एकटीलाच. तुमचं मी अजून ठरवलेलं नाही.

कुसुम